कोटाचा तोल

पिस्तूल बाळगणाऱ्यांचा शिंपी अशी आपली ख्याती होईल, हे मास्तरांच्या स्वप्नातही आले नव्हते. सुरुवात एका औषधविक्रेत्याच्या कोटापासून झाली. परवाना हाती पडताच त्याने पिस्तूल घेतले, कोटाच्या आतल्या खिशात टाकले आणि थोड्याच दिवसांत कोटाची उजवी बाजू अशी लोंबू लागली, की आत काय आहे ते रस्त्यावरच्या शेंबड्या पोरानेही ओळखावे. मास्तरांनी तो कोट उसवला. अस्तराच्या आतून खांद्यापासून एक रुंद पट्टी खाली सोडली, खिशाचा भार तिच्यावर पेलला आणि डाव्या बाजूच्या खालच्या दुमडीत शिशाच्या चपट्या चकत्या शिवून दोन्हीकडचे वजन सारखे केले. कोट पुन्हा सरळ पडू लागला. औषधवाल्याने ही गोष्ट गुप्त ठेवायची म्हणून फक्त जवळच्या माणसांना सांगितली. जवळच्या माणसांनीही ती तितकीच गुप्त ठेवली. परिणामी, मास्तरांच्या दुकानाचा जिना चढणाऱ्यांत दर महिन्याला असे एखादे तरी गिऱ्हाईक असू लागले, जे आधी दार लोटून घेई आणि मग आवाज खाली आणून म्हणे, "कोट शिवायचाय, पण जरा वेगळा."

मास्तरांचा नियम एकच होता: शस्त्र घरी ठेवून यायचे. दुकानात लहान मुले येतात, इस्त्री तापलेली असते, कात्र्या उघड्या पडलेल्या असतात. त्यात आणखी एका धोक्याची भर कशाला? त्याऐवजी त्यांनी सुताराकडून पिस्तुलाच्या आकाराचा एक लाकडी ठोकळा करून घेतला होता आणि त्यात शिसे ओतून वजनही जुळवले होते. ट्रायलच्या वेळी गिऱ्हाईक तो ठोकळा खिशात घालून तीन पाखांच्या मोठ्या आरशासमोर उभे राही. मास्तर म्हणत, "एकदा काढून बघा, कुठे अडतंय का." आणि मग जे घडे, ते मास्तर खडू हातात धरून, काहीच दिसत नसल्यासारखा चेहरा करून पाहत.

कारण नुसता ठोकळा कोणीच काढून बघत नसे. औषधवाला एक पाय मागे घेई आणि डोळे बारीक करी. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिका, भारदस्त बाई, ओव्हरकोटातून ठोकळा काढताना ओठांतल्या ओठांत म्हणत, "घाबरू नका गं, मी आहे." एक बांधकामाचा ठेकेदार तर ठोकळा अर्धाच बाहेर काढी आणि पुन्हा आत सरकवी. त्याच्या मनातल्या चोराने बहुधा तेवढ्यावरच हात जोडलेले असत, आणि ठेकेदाराच्या चेहऱ्यावर क्षमेचे असे तेज पसरे, की मास्तरांना खाली वाकून टाचणी शोधावी लागे.

हे सगळे पाहून मास्तरांनी मनाशी एक निष्कर्ष काढला होता. या माणसांना समोरचा चोर कधी नीट दिसत नाही. तो उंच की बुटका, म्हातारा की तरुण, हे त्यांनी ठरवलेलेच नसते. स्पष्ट दिसत असतात ते आजूबाजूचे, बघणारे. औषधवाला ठोकळा रोखल्यावर हमखास डावीकडे नजर टाकी. त्याच्या दुकानात डावीकडच्या खुर्चीवर त्याचे सासरे बसतात, हे मास्तरांना नंतर कळले. माणसाला कुणीतरी एकदा, योग्य वेळी, योग्य बाजूने बघावे, एवढीच या साऱ्या लोखंडामागची भूक असावी. मास्तरांना त्याचे हसू येई, पण त्या हसण्यात विष नव्हते. असा कोट घालून आरशासमोर उभे राहावेसे त्यांनाही एकदोनदा वाटले होते. दुकानात कोणी नसताना ते उभे राहिलेही होते.

असे असूनही, एके दुपारी त्यांची थोरली बहीण जिना चढून आली, कापडाच्या गठ्ठ्यावर धपकन बसली आणि म्हणाली, "बाळ्या, तुझ्या दाजींनी पिस्तूल घेतलंय," तेव्हा मास्तरांच्या हातातली सुई जागच्या जागी थांबली. साऱ्या गल्लीचे मास्तर असलेले हे गृहस्थ ताईच्या लेखी मात्र अजून बाळ्याच होते.

दाजींचे रंगाचे दुकान होते. भिंतीचा एखादा पोपडा कोणी खिशातून आणून दिला, की तंतोतंत तोच रंग मिसळून द्यावा तर दाजींनीच. स्वभावाने इतके मऊ, की गिऱ्हाईक "हा निळा नाही" म्हणाले तर दाजी डब्याकडे पाहून "असेल, असेल" म्हणत. नखांच्या कडांना कायम कुठला तरी रंग, बोलणे कमी, आणि भांडणाची चाहूल लागली की चष्मा पुसायला घेण्याची सवय. अशा माणसाच्या हातात पिस्तूल म्हणजे मांजराच्या गळ्यात ढोल.

आणि त्यात डब्याची गोष्ट. ती मास्तरांच्या घरात, दाजींच्या घरात, दोन्हीकडच्या सोयऱ्याधायऱ्यांत सर्वांना पाठ होती. काही वर्षांपूर्वी, दिवेलागणीला, ताई दुकानात स्टुलावर बसलेली असताना एक माणूस आत आला आणि त्याने सरळ गल्ल्यात हात घातला. ताई उठली, रंग ढवळायची लाकडी पट्टी तिने उचलली आणि "ठेव ते," एवढेच म्हणाली. चोराने ठेवले आणि पळाला. दाजींच्या हातात त्या वेळी नुकताच मिसळलेला रंगाचा डबा होता, झाकण न लावलेला. दाजींनी हात वर केले, डब्यासकट. गोष्टीचा कळस ताई उभी राहून करून दाखवी: दोन्ही हात वर, एका हातात अदृश्य डबा, मान ताठ, डोळे वटारलेले. "चोर आला, चोर गेला. मागं एक गिऱ्हाईक उभं होतं, तेही थिनरचा डबा लवंडून धूम पळालं. पण आमच्या यांच्या हातचा थेंब सांडला नाही." लोक पोट धरून हसत. मास्तर सर्वांत मोठ्याने हसत. आणि दाजीसुद्धा हसत, चष्मा पुसत.

"आता म्हणतात, कोट बाळ्याकडूनच शिवून घेणार," ताई म्हणाली. "म्हणून आलेय. खिसा असा शीव, की हात आत जाईल पण वेळेला बाहेर येणार नाही."

मास्तरांनी सुई उशीत खोचली. आपल्या हातून आजवर एक टाका वाकडा गेलेला नाही, याची त्यांनी तिला आठवण करून दिली.

"वाकडा कोण घाल म्हणतंय? सरळच घाल. चार जास्त घाल."

मास्तर हसले, पण ताई हसली नाही. पदराने तिने उगाच गुडघा पुसल्यासारखे केले. "अरे, हा माणूस मुंगी दिसली तर ब्रश उचलून धरतो. हे बाहेर काढतील आणि चालवतील समोरचे. मला त्यांचा पराक्रम नको. मला ते संध्याकाळी घरी यायला हवेत."

थोरल्या बहिणीचा शब्द मास्तरांनी लहानपणापासून कधी मोडला नव्हता. "बघतो," ते म्हणाले. हा शब्द शिंपी लोक उगाच वापरत नाहीत.

चार दिवसांनी दाजी ट्रायलला आले. करड्या कापडाचा कोट कच्च्या टाक्यांनी उभा झाला होता. खिशाचे तोंड मास्तरांनी खडूने आखून ठेवले होते, नेहमीपेक्षा दोन बोटे अरुंद. दाजींना त्यातले काय कळणार? त्यांनी ठोकळा हातात घेतला, त्याचे वजन पाहिले आणि लाकूड कोणते म्हणून चौकशी केली. काखेतला ताण पाहायचा म्हणून मास्तर सवयीने म्हणून गेले, "हात वर करा."

दाजींनी हात छातीपर्यंत उचलले आणि ते तिथेच थांबले. आरशात दोघांची नजर एक झाली. मास्तरांना आपली जीभ चावावीशी वाटली. दाजींनी हात हळूच खाली घेतले.

"एकदा काढून बघा," विषय बदलावा म्हणून मास्तर घाईने म्हणाले.

दाजींनी ठोकळा खिशात ठेवला. मग उजव्या हाताने ठोकळा काढला. चांगला सावकाश काढला, रंगाच्या डब्याचे झाकण काढतात तसा. पण मास्तर बघत राहिले ते त्यांच्या डाव्या हाताकडे. तो हात मागे गेला होता, पंजा पसरून, पाठीमागे उभ्या असलेल्या कुणाला तरी आडोसा द्यावा तसा. औषधवाला, ठेकेदार, कोणीच असे करीत नसे. आणि मग दाजींनी मान किंचित वळवून मागे पाहिले आणि वाट पाहिली. तिथे इस्त्रीचे टेबल होते. कोण उभे आहे, हे मास्तरांना विचारावे लागले नाही.

"ताई काय म्हणते?" त्यांनी हळू आवाजात विचारले.

दाजी लाजले नाहीत, हे विशेष. "काही म्हणत नाही. नुसती बघते." त्यांनी ठोकळा काळजीपूर्वक टेबलावर ठेवला. मग बराच वेळ त्यांनी चष्मा पुसला आणि तो डोळ्यांना न लावताच म्हणाले, "मास्तर, ते मागचं गिऱ्हाईक, गिऱ्हाईक नव्हतं."

मास्तरांनी खडू खाली ठेवला.

दाजी सांगू लागले. गल्ल्यात हात घालणारा एक होता, पण आले होते दोघे. दुसरा ताईच्या पाठीमागे, थिनरच्या डब्यांच्या मांडणीशी उभा होता, आणि त्याच्या हातात चाकू होता. तिने पट्टी उचलली तेव्हा तो एक पाऊल पुढे आला. ताईने मागे वळून पाहिलेच नाही. दाजींना मात्र तिच्या खांद्यावरून तो लख्ख दिसत होता. पोरगेला, तिच्याहून जास्त घाबरलेला. म्हणून दाजी त्याच्याकडे बघत राहिले आणि हात वर केले. डबा खाली ठेवायला वाकले असते, तर त्याला वाटले असते, हा काहीतरी उचलतोय. चाकू खाली झाला. पहिला पळाला, त्यामागे दुसरा पळाला.

"म्हणजे तुम्ही हात वर केलेत ते तिच्यासाठी," मास्तर म्हणाले.

"तसं मी स्वतःला सांगतो." दाजींनी चष्मा चढवला. "पण खरं सांगू? हात आपापले वर गेले. आधी हात गेले, मग मला कारण सुचलं. आता किती भीती होती आणि किती शहाणपण, ते माझं मलाच वेगळं करता येत नाही. एकदा रंग मिसळला की मिसळला."

इतकी वर्षे सांगितले का नाही, असे मास्तरांनी विचारले. दाजींचे उत्तर साधे होते. ती आजही दुपारी दुकानात येते, त्याच स्टुलावर, त्याच मांडणीकडे पाठ करून बसते आणि निवांत शेंगा सोलते. सांगितले असते, तर पुन्हा तशी पाठ करून बसली असती का? आणि पहिल्या दिवशी राहून गेले ते राहूनच गेले. आता सांगावे तर लोक म्हणणार, म्हातारा सारवासारव करतोय.

"तिला बोलू नका," जिना उतरताना ते म्हणाले. "गोष्ट चांगली सांगते ती. मलाही हसू येतं."

त्या संध्याकाळी मास्तरांनी खडूची ती अरुंद रेघ पुन्हा पुन्हा पाहिली. आजवर त्यांनी खिसा शिवताना फक्त कापडाचा विचार केला होता. आज प्रथमच त्यांनी खिशात अडकलेल्या हाताचा विचार केला. समोर घाबरलेला एक पोरगा, आणि दाजींचा हात कोटात गेलेला, बाहेर येत नाही, नुसता धडपडतो आहे. वर केलेले हात पाहून ज्याचा चाकू खाली झाला होता, तो हे पाहून काय करील? बहिणीच्या मायेने मागितलेला तो खिसा तिच्याच कुंकवावर उठला असता. मास्तरांनी रेघ पुसली. पण रेघ पुसून प्रश्न पुसला जात नव्हता. खिसा रुंद केला म्हणून दाजी कमी धोक्यात येणार नव्हते. इकडे बहीण, तिकडे मेव्हणा, आणि मध्ये 'बघतो' म्हणून बहिणीला दिलेला शब्द; मास्तर खरोखरच कात्रीत सापडले.

दुसऱ्या दिवशी ताई खिसा बघायला आली. मास्तरांनी तिला कोट दाखवला नाही. चहा सांगितला आणि म्हणाले, "ताई, जरा डब्याची गोष्ट कर."

"आता? तुला पाठ आहे की."

"कर गं. आरशासमोर कर. तुझी नक्कल कधी तू स्वतः पाहिलीयस का?"

ताईला नकलेचा आग्रह फार करावा लागत नसे. ती आरशासमोर उभी राहिली, पट्टी म्हणून मास्तरांचा लाकडी गज घेतला, "ठेव ते," म्हणाली, गज टाकला आणि लगेच दाजी झाली. हात वर गेले. मान ताठ झाली. डोळे वटारले गेले.

"थांब," मास्तर म्हणाले. "तशीच राहा. गल्ला कुठेशी?"

"इथं, पुढ्यात."

"चोर?"

"गल्ल्यापाशीच की."

"मग हे बघतायत कुठे?"

ताईने आरशात पाहिले. तिची नक्कल फार चांगली होती. हाच तिचा दोष म्हणायचा तर म्हणावा. इतकी वर्षे जसेच्या तसे उचललेले ते डोळे समोरच्या चोराकडे पाहत नव्हते. ते त्याच्या बाजूने, थोडे वर, कुणाच्या तरी खांद्यावरून पलीकडे पाहत होते. त्या दिवशी त्या बाजूला एकच खांदा होता, तिचा स्वतःचा.

तिचे हात वरच राहिले. मग ते हळूहळू उतरले, आणि तिने एकदा खरोखरच मागे वळून पाहिले. मागे इस्त्रीच्या टेबलाखेरीज काही नव्हते.

"बाळ्या," ती म्हणाली, "त्या गिऱ्हाइकानं काही मागितलंच नव्हतं रे."

मास्तर मान खाली घालून सुईत दोरा ओवू लागले. दोरा आत जाईना. ताई गठ्ठ्यावर बसली. चहा आला, निवला, त्याच्यावर साय धरली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. या बाईने तर तो कळसा घरोघरी नाचवला होता आणि त्यात काय आहे ते एकदाही वाकून पाहिले नव्हते.

"तुला माहीत होतं?" तिने विचारले.

"मी कोट शिवतोय, ताई."

तिने त्यांच्याकडे नीट पाहिले. लहानपणी खोटे बोलल्यावर पाहायची तसेच. मग ती उठली, कोटाच्या करड्या बाहीवरून एकदा हात फिरवला आणि दाराशी जाऊन म्हणाली, "खिसा नीट शीव. अडकायला नको."

मास्तरांनी खिसा नीट शिवला. पट्टी सोडली, डाव्या दुमडीत चकत्या बसवल्या, आणि दाजी तो कोट घालून गेले तेव्हा तो ओळंबा लावल्यासारखा सरळ पडला होता.

पुढे मास्तरांच्या मुलीला नोकरी लागली म्हणून घरी सगळे जेवायला जमले. ताटे उचलल्यावर कोणीतरी म्हणालेच, "आत्या, डब्याची गोष्ट होऊ दे." ताई बडीशेप निवडीत होती. ती म्हणाली की गोष्ट आता जुनी झाली, शिवाय तिच्यातले बरेचसे तिने वाढवून सांगितलेले होते. "डबा सांडला नाही, एवढं मात्र खरं," ती म्हणाली. "तेवढं मला नसतं जमलं." लोकांना वाटले, ही गोष्टीची नवी सुरुवात, ते हसण्यासाठी थांबले. दाजींनी चष्मा काढला, पण पुसला नाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी दाजी कोट हातावर घेऊन जिना चढून आले. तक्रार करायला आल्यासारखे ते दारातच संकोचले. मास्तरांनी कोट घाला म्हटले. दाजींनी घातला आणि मास्तरांना आरशाकडे बघायचीही गरज पडली नाही. कोट डावीकडे ओढत होता.

"सरळ पडत नाही हल्ली," दाजी म्हणाले.

उजवा खिसा रिकामा होता. पिस्तूल कपाटात, कुलपात होते. रोज बरोबर नेण्याचा कंटाळा येतो, असे दाजी म्हणाले. मग बोलता बोलता त्यांनी सांगितले की ताईने दुकानातले स्टूल हलवले. आता ती गल्ल्यामागे, त्यांच्या शेजारी, भिंतीला टेकून बसते. मान अवघडते म्हणाली. "तिथून तिला सगळं दुकान दिसतं. मला म्हणते, तुम्ही तिकडचं बघा, मी इकडचं बघते."

"तुम्ही सांगितलंत तिला?"

"नाही. तुम्ही?"

"नाही."

दाजींनी मान डोलावली. कोणाकडूनही न निघालेली गोष्ट पोचावी तिथे पोचली होती, आणि तिच्याविषयी आणखी चौकशी करायची दोघांनाही इच्छा दिसत नव्हती.

मास्तरांनी कात्रीचे टोक डाव्या दुमडीशी नेले. "मग वजन काढून टाकू?"

दाजी आरशात बघत राहिले. उजवा हात नकळत कोटाच्या आत गेला, रिकाम्या खिशात थोडा वेळ राहिला, आणि कुठेही न अडता बाहेर आला.

"अर्धं काढा," ते म्हणाले.

मास्तरांनी हसू दाबले नाही. त्यांनी निम्म्या चकत्या काढल्या, दुमड पुन्हा शिवली, कोट झटकून दाजींच्या अंगावर चढवला आणि काखेतला ताण पाहायला पुढे झाले. काही म्हणावे लागलेच नाही. दाजींनी आपण होऊन दोन्ही हात वर केले, अगदी डोक्याच्या वर, पंजे उघडे, आणि मास्तरांचे माप होईपर्यंत ते तसेच धरून ठेवले.